उसन्या अनुभवाची किंमत

नाशिक : रणजी करंडक स्पर्धेच्या २०२५-२६ च्या हंगामासाठी महाराष्ट्राने जलज सक्सेनाला करारबद्ध केले, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. त्याच सुमारास मुंबई सोडून आलेल्या पृथ्वी शॉच्या नावाचा एवढा गाजावाजा झाला, की मूळचा इंदूरचा आणि नऊ हंगाम केरळकडून खेळलेला हा ऑफस्पिनर अष्टपैलू फारशी चर्चा न होताच महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला. वास्तविक, दोघांपैकी अधिक विचार करायला लावणारी निवड जलजची होती. पृथ्वी शॉ तेव्हा २५ वर्षांचा होता. तो स्थिरावला तर महाराष्ट्राला दहा वर्षांचा सलामीवीर मिळणार होता. अडतिसाव्या वर्षी येणारा खेळाडू मात्र संघाला भविष्य देण्यासाठी येत नसतो. संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर अडखळतो आहे, त्याला आधाराचा एक हात द्यावा, एवढाच अशा निवडीचा हेतू असतो.

तो हेतू सफल झाला का, याचे वरवरचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्र त्या हंगामात उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही. पण केवळ एवढ्यावरून निवड चुकली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रणजी करंडक महाराष्ट्राने शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये. अंतिम सामना शेवटचा खेळला तो २०१३-१४ च्या हंगामात, हैदराबादला, आणि त्यात कर्नाटकने सात गडी राखून विजय मिळवला. इतक्या वर्षांचा दुष्काळ एका ऑफस्पिनरने संपवावा, ही अपेक्षाच अवास्तव. प्रश्न वेगळा आहे. पहिल्या पसंतीच्या खेळाडूंमागे उभा राहणारा, उमेदीची वर्षे मागे टाकलेला अनुभवी माणूस बाहेरून आणला, तर संघाचे नेमके काय साधते आणि त्याची किंमत कोण मोजते? नाशिकसारख्या जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या संघाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांच्या दृष्टीने या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ नमुना क्रिकेटमध्ये नव्हे, तर अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत सापडतो. तेथे दर वर्षी साखळी सामने संपत आले, की बलाढ्य संघ एखादा वयस्क ‘सेंटर’ शोधू लागतात. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहून प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडवणारा, उडालेला चेंडू ताब्यात घेणारा संघातील सर्वांत धिप्पाड गडी. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि सहा फाउल झाले, की खेळाडूला मैदान सोडावे लागते. मुख्य सेंटर दमला किंवा फाउलच्या कात्रीत सापडला, तर मधली दहा-पंधरा मिनिटे पडझड होऊ न देता कोण काढणार, हा तेथे लाखमोलाचा प्रश्न असतो. त्यासाठी चमकदार खेळाडू लागत नाही. चुका न करणारा लागतो.

बोस्टन सेल्टिक्सने २००८ च्या फेब्रुवारीत पी. जे. ब्राऊन याला घेतले, तेव्हा तोही ३८ वर्षांचाच होता आणि त्या हंगामात तोवर एकही सामना खेळला नव्हता. मे महिन्यात क्लीव्हलँडविरुद्धच्या मालिकेतील सातव्या, निर्णायक सामन्यात याच ब्राऊनने १० गुण मिळवले, सहा वेळा उडालेला चेंडू ताब्यात घेतला आणि अखेरच्या दीड मिनिटात एक मोक्याचा फटका बास्केटमध्ये टाकला. बोस्टनने तो सामना ९७-९२ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या संघाची गोष्ट अगदी उलट झाली. सलग २२ सामने जिंकण्याच्या घोडदौडीतच त्यांचा चिनी सेंटर याओ मिंग जायबंदी झाला. त्याच्या जागी ४१ वर्षांचा डिकेम्बे मुटोंबो उभा राहिला. घोडदौड काही काळ टिकली. पण बाद फेरीत पहिल्याच मालिकेत यूटाने ह्यूस्टनला ४-२ असे घरी पाठवले. वयस्क खेळाडू दोघेही उत्तम. ब्राऊनला पंधरा-वीस मिनिटांची जबाबदारी दिली गेली होती, मुटोंबोवर मात्र एका महान खेळाडूची जागा भरून काढण्याची वेळ आली. फरक पडला तो इथे.

ही अमेरिकेतली उदाहरणे मराठी वाचकासमोर ठेवण्याचे एक कारण आहे. बास्केटबॉलमध्ये राखीव खेळाडू कितीही वेळा मैदानात येऊ शकतो आणि जाऊ शकतो. ब्राऊनला घेतल्यामुळे बोस्टनच्या एखाद्या तरुणाची चार-दोन मिनिटे गेली असतील, त्याहून अधिक नुकसान कोणाचे झाले नाही. रणजी सामन्यात तशी सोय नाही. तेथे नाणेफेकीपूर्वी ११ नावे कागदावर लिहिली, की बाकावरचा माणूस फार तर क्षेत्ररक्षणाला येतो. अपवादात्मक परिस्थिती वगळता त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. म्हणजेच क्रिकेटमध्ये ‘राखीव अनुभव’ अशी वस्तूच मुळात नाही. अनुभवाचा उपयोग करायचा, तर त्याला अकरांत घ्यावे लागते आणि अकरांत घ्यायचे, तर कोणाला तरी बाहेर बसवावे लागते. आयपीएलमध्ये २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला आणि तेथे ही चौकट थोडी सैल झाली. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये ती जशीच्या तशी आहे.

मुंबई इंडियन्सची ऐनवेळची खरेदी

बास्केटबॉलच्या या पद्धतीला सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याकडे घडले, ते २०२५ च्या मे महिन्यात. स्पर्धा आठवडाभर स्थगित झाल्यामुळे आयपीएलचे वेळापत्रक पुढे सरकले आणि मुंबई इंडियन्सचे विल जॅक्स, रायन रिकल्टन व कॉर्बिन बॉश हे तीन परदेशी खेळाडू राष्ट्रीय संघांच्या कामगिरीसाठी ऐन बाद फेरीत उपलब्ध राहणार नाहीत, हे स्पष्ट झाले. संघाने त्यांच्या जागी जॉनी बेअरस्टो, रिचर्ड ग्लीसन आणि चरिथ असलंका यांना घेतले. यांपैकी बेअरस्टो ३५ वर्षांचा. आदल्या नोव्हेंबरमधील लिलावात त्याला कोणीही बोली लावली नव्हती. आता त्याच्यासाठी सव्वापाच कोटी रुपये मोजण्यात आले. वेगवान गोलंदाज ग्लीसन ३७ वर्षांचा.

३० मे रोजी मुल्लनपूर येथे गुजरात टायटन्सविरुद्धच्या ‘एलिमिनेटर’ सामन्यात बेअरस्टोने २२ चेंडूंत ४७ धावा फटकावल्या. रोहित शर्मासोबतच्या त्याच्या ८४ धावांच्या सलामीने मुंबईला २२८ पर्यंत नेले आणि सामना २० धावांनी जिंकून दिला. खरेदी वसूल झाली, असेच त्या रात्री कोणीही म्हटले असते. पण त्याच सामन्यात अखेरचे षटक टाकताना ग्लीसनचा पाय दुखावला आणि ते षटक अश्वनी कुमारला पूर्ण करावे लागले. दोन दिवसांनी अहमदाबादला पंजाबविरुद्ध ग्लीसनची जागा रीस टॉपलीने घेतली. बेअरस्टोने त्याही सामन्यात २४ चेंडूंत ३८ धावा केल्या, मुंबईने २०३ धावा उभारल्या. आणि श्रेयस अय्यरने ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा करीत एक षटक राखून सामना हिसकावून घेतला. मुंबईच्याच मैदानांवर घडलेल्या फलंदाजाने मुंबई इंडियन्सला घरी पाठवावे, हा योगायोग बोचरा होताच. परंतु इथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. फलंदाजीतील रिकामी जागा नेमकी होती आणि ती भरणारा माणूस नेमका सापडला. गोलंदाजीतील जागा मात्र ‘कोणी तरी अनुभवी हवा’ अशा पद्धतीने भरली गेली आणि ३७ व्या वर्षीचे शरीर दुसऱ्या सामन्यापर्यंत पुरले नाही. असलंकाला तर संधीच मिळाली नाही.

वय आणि अनुभव यांची आपल्याकडे नेहमीच गल्लत होते, हेही येथे सांगितले पाहिजे. मुंबईचा लेगस्पिनर प्रवीण तांबे याला राजस्थान रॉयल्सने २०१३ मध्ये घेतले, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने १२ बळी घेतले आणि राजस्थानने अंतिम फेरी गाठली. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये दोन दशके टाकलेले चेंडू हीच त्याची शिदोरी. त्याला रणजीतील पहिला सामना मिळाला तो यानंतर! तेव्हा वयस्क खेळाडूची पारख त्याच्या नावापुढच्या आकड्यांनीच होते, असे नाही.

नागपूरचा धडा

बाहेरून माणूस आणून विजेतेपद मिळवण्याची किमया आपल्या राज्यात कोणी साधली असेल, तर ती विदर्भाने. वासिम जाफर २०१५-१६ च्या हंगामात मुंबई सोडून नागपूरला गेला, तेव्हा वयाची चाळिशी अडीच वर्षांवर आली होती. विदर्भाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करीत पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या हंगामात जाफरने व्यावसायिक खेळाडूचे मानधनही घेतले नव्हते. पुढच्या हंगामात, ४० व्या वर्षी, त्याने १०३७ धावा केल्या आणि विदर्भाने नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला.

ही कथा ‘जाफर आला आणि विदर्भ जिंकला’ अशी सांगितली जाते आणि तेथेच गफलत होते. विदर्भाने जाफरपूर्वीही बाहेरचे अनुभवी खेळाडू आणले होते. तमिळनाडूचा एस. बद्रीनाथ नागपुरात खेळून गेला, कर्नाटकचा गणेश सतीश त्याच सुमारास येऊन स्थिरावला; करंडक काही आला नव्हता. तो आला, तो घरचे खेळाडू तयार झाल्यावर. पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात कर्णधार फैज फजलने ९१२ धावा केल्या. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेऊन कर्नाटकला पाच धावांनी रोखले आणि अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक साधली. दुसऱ्या वर्षी आदित्य सरवटेने अंतिम सामन्यात ११ बळी मिळवले, त्यांत चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले. चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक होता. जाफर या सर्वांच्या मध्ये उभा होता. त्याच्याशिवाय हे घडले असते का, कोण जाणे. पण फक्त त्याच्यामुळे घडले नाही, एवढे निश्चित.

राजस्थानचेही तसेच. पुण्याचा हृषीकेश कानिटकर १९९८ मधील ढाक्याच्या त्या एका चौकारासाठी घराघरांत ठाऊक आहे. पण कर्णधार म्हणून त्याचे मोठे काम २०१०-११ मध्ये जयपूरला झाले. ३६ व्या वर्षी, आकाश चोप्रासारखा दुसरा अनुभवी पाहुणा सोबतीला घेऊन, त्याने प्लेट गटातून वर आलेल्या राजस्थानला करंडक जिंकून दिला आणि पुढच्या वर्षी तो राखला. त्या मोहिमेची सुरुवात मात्र राजस्थानच्याच १८ वर्षांच्या दीपक चहरने केली होती. १० धावांत आठ बळी घेऊन त्याने हैदराबादचा डाव २१ धावांत संपवला होता. पाहुण्यांनी फलंदाजीला ठेहराव दिला, वीस बळी घेण्याचे काम घरच्यांनी केले.

या दृष्टीने २०२४-२५ चा नागपुरातील अंतिम सामना पुन:पुन्हा तपासून पाहावा असा आहे. एकीकडे विदर्भ, ज्यांच्याकडे कर्नाटकहून आलेला करुण नायर होता. दुसरीकडे प्रथमच अंतिम फेरीत आलेला केरळ. त्यांच्याकडे जलज सक्सेना तर होताच, शिवाय विदर्भाचाच आदित्य सरवटे त्या हंगामात केरळकडे गेला होता. सरवटेने केरळच्या पहिल्या डावात ७९ धावा केल्या, आपल्या जुन्या मैदानावर, जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध. करुणने ८६ आणि १३५ धावा केल्या. उसन्या अनुभवाने दोन्ही बाजूंनी आपले काम चोख बजावले, असे म्हणावे लागेल. मग निकाल कशाने लागला? विदर्भाच्या दानिश मालेवारने, वय अवघे २१, पहिल्या डावात १५३ धावा केल्या. आणि २२ वर्षांचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला.

हर्ष दुबेचे उदाहरण महाराष्ट्राच्या निवड समितीने भिंतीवर टांगावे. सरवटे गेल्यामुळे विदर्भाच्या डावखुऱ्या फिरकीची मुख्य जबाबदारी रिकामी झाली होती. बाहेरचा एखादा जाणता फिरकीपटू आणून ती भरणे शक्य होते. विदर्भाने फलंदाजीसाठी पाहुणा घेतला आणि गोलंदाजीसाठी घरच्या मुलावर विश्वास टाकला. करुण नायर पुढील हंगामात कर्नाटकला परतला. हर्ष दुबे विदर्भाचाच राहिला.

वीस धावांचे मोल

आता महाराष्ट्राकडे वळू. जलजसारख्या खेळाडूचा रणजीत उपयोग नेमका कोठे होतो, हे समजण्यासाठी स्पर्धेचे गुणांचे गणित पाहिले पाहिजे. निर्णायक विजयाला सहा गुण, मोठ्या विजयाला आणखी एक. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि मागे पडणाऱ्याला एक. आठ संघांच्या गटातून केवळ दोन पुढे जातात. सामने मात्र सात. त्यामुळे पहिल्या डावातील दहा-वीस धावांवर अख्खा हंगाम तोलला जातो. केरळ २०२४-२५ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, तो कसा? पुण्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध एका धावेची आघाडी, अहमदाबादला गुजरातविरुद्ध दोन धावांची आघाडी. आणि अंतिम सामना गमावला, तो ३७ धावांनी मागे पडल्यामुळे.

अशा स्पर्धेत सहाव्या-सातव्या क्रमांकावर तग धरणारा आणि दिवसाला तीस षटके न कंटाळता टाकणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. जलज तसाच आहे. रणजी करंडकात ६००० धावा आणि ४०० बळी अशी कामगिरी करणारा तो पहिला खेळाडू. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने हा टप्पा गाठला. भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही, हा आपल्या निवड पद्धतीवर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्राकडून त्याचा पहिलाच सामना २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिरुवनंतपुरमला, तोही केरळविरुद्ध. महाराष्ट्राचे तीन फलंदाज धावफलकावर एकही धाव नसताना बाद झाले, पाच गडी १८ धावांत परतले. पहिल्या पाच क्रमांकांवरील चार फलंदाज शून्यावर गेले. तेथून ऋतुराज गायकवाडने ९१ आणि जलजने ४९ धावा करीत डाव सावरला, दोघांनी सहाव्या गड्यासाठी शंभराहून अधिक धावा जोडल्या. तळाला विकी ओस्तवाल आणि नाशिकचा रामकृष्ण घोष यांनीही मोलाची भर घातली. महाराष्ट्र २३९. केरळ २१९, त्यांत जलजचे तीन बळी. आघाडी २० धावांची, गुण तीन. त्या एका सामन्यापुरता हिशेब मांडला, तर जलजने आपले मानधन पहिल्याच आठवड्यात फेडले. पुढे चंडीगडविरुद्ध पृथ्वी शॉने द्विशतक झळकावले आणि निर्णायक विजयही मिळाला.

परंतु तेच गणित उलटूही शकते, आणि उलटले. नोव्हेंबरमध्ये पुण्यात कर्नाटकविरुद्ध महाराष्ट्र पहिल्या डावात अवघ्या १३ धावांनी मागे पडला आणि तीन गुण कर्नाटककडे गेले. अनुभवी खेळाडू पारडे आपल्या बाजूला झुकवण्याची शक्यता वाढवतो. ते प्रत्येक वेळी झुकतेच असे नाही. शिवाय सात सामन्यांच्या साखळीतून पुढे जायचे, तर आघाडीचे तीन-तीन गुण पुरत नाहीत, दोन-तीन निर्णायक विजय लागतात. त्यासाठी चौथ्या दिवशी दहा बळी घेणारे लागतात. महाराष्ट्राची खरी उणीव गेली काही वर्षे हीच आहे. आघाडीची फलंदाजी आणि वीस बळी. जलजने एक खिंड लढवली. बाकीच्या वाटा तशाच उघड्या राहिल्या.

नाशिकच्या क्रिकेटप्रेमींना हे वेगळे सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला तब्बल ४३९ धावांनी हरवले, तेव्हा संघात ना जलज होता ना पृथ्वी शॉ. बाहेरून आलेला प्रमुख माणूस होता, तो विदर्भाचा गुरबानी. बडोदा त्या वेळी गटात जोरात होता. ज्या संघाला असा विजय मिळवता येतो, त्याला बाद फेरी का गाठता येत नाही? मुंबई आणि जम्मू-काश्मीर पुढे गेले, महाराष्ट्र राहिला. एका सामन्यात जमते ते सात सामन्यांत टिकत नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे आणि सातत्य ही नेमकी अनुभवी माणसाकडून शिकण्याची गोष्ट आहे. जलजला आणण्यामागचा विचार म्हणूनच चुकीचा नव्हता. चुकू शकते, ती त्यानंतरची गोष्ट.

कारण जलज अकरांत आला, की फिरकी गोलंदाजांसाठी सामान्यत: आणखी एकच जागा उरते. खेळपट्टी हिरवी असेल, तर तीही नाही. विकी ओस्तवाल २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वकरंडक जिंकलेल्या भारतीय संघातला. त्याच्यासारख्याला ती जागा मिळाली, तर तिसऱ्या फिरकीपटूने काय करायचे? नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षे महाराष्ट्राकडून खेळला. त्याला पाहून गोल्फ क्लबच्या जाळ्यांमध्ये चेंडू वळवू लागलेली मुले आज १७-१८ वर्षांची आहेत. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत जिल्ह्याकडून बळी घ्यायचे, मग महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या लिलावाची वाट पाहायची आणि एखाद्या फ्रँचायझीच्या शोधपथकाच्या नजरेत भरायचे, असा त्यांचा प्रवास असतो. रामकृष्ण घोषला चेन्नईच्या संघाने २०२५ च्या आयपीएलसाठी घेतले, तो वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू. साहिल पारखने २०२४ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघातून ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद शतक ठोकले, तो सलामीवीर. दोघेही नाशिकचे. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे. फिरकी टाकणाऱ्या मुलासाठी मात्र तो जलज खेळतो आहे तोवर अरुंद आहे, आणि जलज खेळू नये असे म्हणण्याजोगे त्याने काहीही केलेले नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की मोठ्या खेळाडूसोबत राहून तरुण शिकतात. हे खरे आहे, पण अर्धेच. जाफरसोबत फलंदाजी करताना फजल आणि इतर शिकले, कारण ते दुसऱ्या टोकाला उभे होते. बाकावर बसून, पाण्याच्या बाटल्या नेऊन ऑफस्पिन शिकता येत नाही. जलज दुसऱ्या टोकाने कोणासोबत गोलंदाजी करतो, हे म्हणूनच त्याच्या स्वत:च्या बळींइतके महत्त्वाचे आहे. चार दिवसांच्या सामन्यात त्याच्यासोबत एक तरुण फिरकीपटू खेळवायचा, खेळपट्टी कशीही असो, असे धोरण महाराष्ट्राने ठरवले, तर काही सामने त्यापायी गमवावे लागतील. ती जोखीम घेण्याची तयारी दिसत नसेल, तर पाहुण्या खेळाडूवरचा खर्च हा एका हंगामाचा खर्च ठरतो.

उलट बाजूचे ताजे उदाहरण जम्मू-काश्मीरचे आहे. २०२५-२६ चा रणजी करंडक त्यांनी इतिहासात प्रथमच जिंकला, अंतिम सामन्यात कर्नाटकवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर मात करून. कर्णधार पारस डोगरा ४१ वर्षांचा, मूळचा हिमाचल प्रदेशचा. म्हणजे पुन्हा एकदा बाहेरून आलेला वयस्क माणूस करंडक उंचावताना दिसला आणि आता अनेक राज्य संघटना आपापला डोगरा शोधायला निघतील. त्यांनी त्या संघातील गोलंदाजांची नावे आधी वाचावीत. बारामुल्लाच्या औकिब नबीने तो हंगाम गाजवला, आणि तो त्यांच्याच खोऱ्यात तयार झालेला वेगवान गोलंदाज आहे. डोगराने फलंदाजीची मधली फळी धरून ठेवली आणि ड्रेसिंग रूम सांभाळली. त्याच्याकडून तेवढेच मागितले गेले होते.

महाराष्ट्राने २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, त्या संघाची घडण आठवून पाहण्यासारखी आहे. केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. वानखेडेवर उपांत्यपूर्व सामन्यात, पहिल्या डावात शंभराहून अधिक धावांनी मागे पडूनही, महाराष्ट्राने मुंबईला आठ गडी राखून हरवले. विजयी भागीदारी केदारची आणि जालन्याच्या विजय झोलची. गोलंदाजीची धुरा वाहणाऱ्या समद फल्लासारख्यांना कोणी बाहेरून आणले नव्हते. त्या संघाला हैदराबादच्या अंतिम सामन्यात एक जलज सक्सेना असता, तर? पाच दिवसांच्या सामन्यात खालच्या क्रमांकावरच्या पन्नास धावा आणि दिवसभर एक टोक धरणारा ऑफस्पिनर यांनी कदाचित चित्र पालटले असते. अशा खेळाडूची खरी जागा तेथे होती, तयार झालेल्या संघात, शेवटच्या पायरीवर. २०२५ मध्ये तो आला, तेव्हा संघ दोन पायऱ्या खाली उभा होता.

जलज १५ डिसेंबर २०२६ रोजी वयाची ४० वर्षे पूर्ण करतो. जाफरने याच वयात हजार धावा केल्या होत्या, पण जाफर सलामीच्या फळीतला फलंदाज होता. फिरकी गोलंदाजाच्या खांद्याला आणि बोटांना वेगळा हिशेब द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या निवड समितीला त्याच्या जागी कोण, हे त्या तारखेआधीच ठाऊक असायला हवे. ते नाव पुण्याचे असेल, सोलापूरचे असेल की नाशिकचे, हा पुढचा प्रश्न. सध्या तरी ते कोठेही लिहिलेले दिसत नाही.